ऑफिस अवर्स म्हणजे सरांना डिस्टर्ब करायचं नाही ती वेळ?

अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत मी टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट होतो तेव्हाची गोष्ट. आठवड्यातून दोन तास माझे ऑफिस अवर्स असायचे, म्हणजे मी तिथे बसायचं आणि पोरांनी येऊन काय अडलंय ते विचारायचं. यायचे कोण, तर ज्यांना फारसं काही अडलेलं नसायचं तेच, आणि ज्यांचा पेपर बघून मला घाम फुटायचा ते कधीच फिरकायचे नाहीत. एका मुलीला शेवटी वर्गाबाहेर गाठून विचारलं तर म्हणाली, मला वाटलं ऑफिस अवर्स म्हणजे तुम्ही ऑफिसात काम करत असता, तेव्हा डिस्टर्ब करायचं नाही. मी हसलो नाही, कारण तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यात माझाही समज डिट्टो हाच होता.

हा घोळ इतका कॉमन आहे की काही कॉलेजांनी ऑफिस अवर्सचं नाव बदलून ‘स्टुडंट अवर्स’ करून टाकलंय. घोळ होतो तो जास्त करून फर्स्ट जनरेशन मुलांचा. तिकडे साधारणपणे आईबाबांपैकी कुणाकडेच चार वर्षांची डिग्री नसेल तर त्या मुलाला फर्स्ट जनरेशन म्हणतात. यात गोरी मुलंही भरपूर असतात, पण ब्लॅक, लॅटिनो, नेटिव्ह अमेरिकन मुलांमध्ये हे प्रमाण जास्त, आणि त्यांच्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार असते, आपण चुकलो तर आपली सगळी जमातच तशी असं लोक म्हणणार. आता या मुलांचा जम कॉलेजात का बसत नाही यावर तिथे पन्नासेक वर्षं अभ्यास चाललाय, आणि त्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट सायकॉलॉजीवाल्यांची नाहीच, गणितवाल्याची आहे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत, बर्कलीला, युरी ट्राइसमन नावाचा एक पोरगा पीएचडी करत होता. त्याने बघितलं की कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सला जी ब्लॅक मुलं बसतात त्यातल्या साधारण ६० टक्के मुलांना डी नाहीतर एफ ग्रेड, म्हणजे काठावर नाहीतर नापास, मिळतोय, आणि हे एकदोन वर्षं नाही, दहा वर्षांचा हिशोब होता. प्राध्यापकांना कारण विचारलं तर ठरलेली उत्तरं आली, मुलांना इच्छाच नाही, शाळेचा पाया कच्चा, घरून सपोर्ट नाही, पैसा नाही. (आपल्याकडच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये हा प्रश्न टाकून बघा, याच क्रमाने येतील.) ट्राइसमनने काय केलं, २० ब्लॅक आणि २० चायनीज अमेरिकन मुलं घेतली आणि त्यांच्या मागे मागे फिरला, ती कुठे बसतात, कशी वाचतात, रात्री काय करतात. आणि ती चारही कारणं गळून पडली. ब्लॅक मुलांच्या घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पोरांना पाठवलं होतं, काही मुलं शाळेत टॉपर होती, मेहनतही करत होती. कॉलेज सांगायचं की वर्गातल्या एका तासाला घरी दोन तास द्या, ती देत होती, आठवड्याला आठ तास, अगदी इमानदारीत.

फक्त एकटी एकटी. २० पैकी १८ जण वर्गातल्या कुणाबरोबर कधीच अभ्यासाला बसले नव्हते, उरलेले दोघं एक सेमिस्टर एकत्र बसले आणि नंतर त्यांनी लग्न केलं, त्यामुळे बाकीच्या अठरांची खात्रीच पटली की एकत्र अभ्यास म्हणजे हेच असतं! चायनीज मुलं मात्र आठवड्याला चौदाएक तास द्यायची, आधी आपापलं वाचायचं आणि मग संध्याकाळी चारपाच जणांनी जमून एकमेकांची उत्तरं तपासायची, जुने पेपर सोडवायचे, एकमेकांना प्रश्न टाकायचे. आपल्याकडे पीएलमध्ये हॉस्टेलच्या एका रूमवर सहा जण पडलेले असतात आणि ज्याला एक युनिट कळलंय तो बाकीच्यांना शिकवतो, तेच. यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे ग्रुपमध्ये बसलेल्या पोराला कळतं की हे गणित कुणालाच सुटलं नाहीये, म्हणजे गणितच अवघड आहे. एकटा बसलेला तेच गणित अडलं की म्हणतो, मलाच येत नाही.

मग ट्राइसमनने वर्कशॉप चालू केलं, पण ‘ढ’ मुलांचा जादा तास, म्हणजे ज्याला ‘रिमेडियल’ म्हणतात तो, म्हणून मुळीच नाही. हुशार मुलांसाठी खास, असं म्हणून बोलावलं आणि कोर्सपेक्षाही अवघड गणितं ग्रुपने सोडवायला दिली. या वर्कशॉपमधली ब्लॅक आणि लॅटिनो मुलं पुढे वर्गातल्या गोऱ्या आणि आशियाई मुलांच्याही वर गेली. रिमेडियल या शब्दावर माझा राग आहे तो तेव्हापासूनचा. त्या नावाच्या वर्गात शिरतानाच पोरगं अर्धं हरलेलं असतं.

‘मलाच येत नाही’ हा जो निष्कर्ष आहे ना, त्याच्यावर सायकॉलॉजीवाल्यांनी नंतर थेट प्रयोग केले. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११ चा ‘सायन्स’ या जर्नलमधला पेपर यातला सगळ्यात गाजलेला. ९२ मुलं, सगळी पहिल्या वर्षाची, निम्म्याहून थोडी जास्त ब्लॅक आणि बाकीची गोरी, आणि सगळा मिळून तासाभराचा कार्यक्रम. मुलांना सीनियर्सच्या सर्व्हेचे निकाल वाचायला दिले, त्यात होतं की सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं आपण इथले नाही, कुणी जेवायला बोलवत नाही, प्रोफेसर लाल पेनाने पेपर रंगवून देतात, आणि हे हळूहळू जातं. मग मुलांनी स्वतःचा अनुभव निबंधात लिहायचा आणि पुढच्या बॅचला दाखवायला म्हणून कॅमेऱ्यासमोर वाचायचा. इथेच खरी मेख आहे. तुम्हाला मदत करतोय असं कुणी म्हणालंच नाही, उलट तुम्ही ज्युनियर्सना मदत करा असं सांगितलं. तीन वर्षांनी बघितलं तर ब्लॅक आणि गोऱ्या मुलांच्या मार्कांमधलं अंतर जवळपास निम्म्यावर आलं होतं, ब्लॅक मुलांच्या तब्येतीच्या तक्रारीही कमी झाल्या होत्या, गोऱ्या मुलांवर फारसा परिणाम नाही. आणि बहुतेकांना त्या तासात नेमकं काय झालं होतं तेही धड आठवत नव्हतं.

जादू वाटते, पण रोजच्या डायऱ्या बघितल्या तर यंत्रणा कळते. वाईट दिवस सगळ्यांनाच येत होते, ज्यांनी हा तास केला नव्हता त्या ब्लॅक मुलांना प्रत्येक वाईट दिवशी ‘मी इथला नाही’ याचा आणखी एक पुरावा मिळायचा, आणि ज्यांनी केला होता त्यांना तो नुसता वाईट दिवस वाटायचा, मग दुसऱ्या दिवशी ती उठून प्रोफेसरकडे जायची, मित्र करायची, त्यातून पुढचं सगळं.

पण सगळं मुलांच्या डोक्यातच आहे असं समजू नका, कॉलेजही बोलताना घोळ घालतं. निकोल स्टीव्हन्स ही अशीच एक सायकॉलॉजीवाली, तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नव्या मुलांना कॉलेजचं स्वागतपत्र वाचायला दिलं, दोन प्रकारचं. एकात स्वतःची वाट स्वतः शोधा, स्वतंत्र विचार करा असा सूर, दुसऱ्यात आपण एकमेकांसोबत शिकतो, समाजाचा भाग होतो असा. मग थोडी कोडी सोडवायला दिली. पहिलं पत्र वाचलं की फर्स्ट जनरेशन मुलं मागे पडायची, दुसरं वाचलं की फरक गायब. कामगाराच्या घरात वाढलेल्या पोराला शिकवण असते घरच्यांना धरून राहायची, धाकट्या भावंडांचं बघायची, आणि इथे आल्या आल्या कॉलेज सांगतं की स्वतःपुरतं बघायला शिक.

याच स्टीव्हन्सच्या टीमचा २०१४ चा प्रयोग मला जास्त उपयोगाचा वाटतो, कारण तो उद्या कुणीही करू शकतं. सीनियर मुलांचं पॅनल, तासभर गप्पा. दोन्ही पॅनलवर माणसं तीच, सल्लेही साधारण तेच, फरक एवढाच की एकात मुलं स्वतःचं घर मधे आणायची. म्हणजे नुसतं ‘ॲडव्हायझरला भेटा’ असं न म्हणता, माझे आईबाबा कॉलेजला गेले नव्हते, कुठला कोर्स घ्यावा हे ते सांगू शकत नव्हते, म्हणून मला इतरांपेक्षा जास्त वेळा ॲडव्हायझरकडे जावं लागलं, असं. हे ऐकलेली फर्स्ट जनरेशन मुलं मदत मागायला जास्त जायला लागली आणि वर्षअखेरीला त्यांच्या आणि बाकीच्या मुलांच्या मार्कांमधलं अंतर ६३ टक्क्यांनी कमी झालं. सल्ला तोच होता, फक्त तो कुणासाठी आणि का आहे हे कळलं.

आता थोडं थंड पाणी. ९२ मुलांवरून फार उड्या मारू नयेत. २०२३ मध्ये वॉल्टन आणि बऱ्याच लोकांनी मिळून हाच प्रकार २२ कॉलेजांत २६,९११ मुलांवर केला, अर्ध्या तासाचा ऑनलाइन. परिणाम दिसला पण छोटा, आणि सगळीकडे नाही. जिथे ब्लॅक, फर्स्ट जनरेशन अशा त्या त्या गटातल्या मुलांना खरोखर मित्र, शिक्षक, मान मिळायची सोय होती तिथेच तो लागू पडला. साहजिकच आहे, ‘हे दिवस जातील’ असं सांगायचं आणि दिवस काही जात नाहीत म्हटल्यावर पोरगं किती दिवस विश्वास ठेवेल! संशोधक याला बी आणि माती म्हणतात, आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगायला लागणार नाही.

मातीचा खर्च मात्र होतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने, म्हणजे क्युनीने, २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या कॉलेजांत, ‘ए-सॅप’ नावाचा कार्यक्रम चालू केला. त्यात मुलांना फीमधला कमी पडणारा पैसा, पुस्तकं, मेट्रोचं कार्ड, आणि असा ॲडव्हायझर की ज्याच्याकडे शेकड्यांनी मुलं नाहीत, त्यामुळे तो नावानिशी ओळखतो. बदल्यात फुलटाइम शिकायचं आणि ॲडव्हायझरला नियमित भेटायचं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तपासलं तर तीन वर्षांत पदवी घेणारे ४० टक्के, आणि ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात २२. मेट्रो कार्ड ऐकून हसू येतं, पण आपल्याकडे एसटीचा पास नसता तर किती मुलींची दहावी झाली नसती ते आठवा.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेटचं प्रकरणही असंच. तिथे दर सेमिस्टरला शेकडो मुलं फी न भरल्यामुळे कोर्समधून बाहेर काढली जायची, आणि काहींची बाकी होती फक्त ३०० डॉलर. पदवीच्या तोंडाशी आलेली मुलं! मग २०११ पासून युनिव्हर्सिटीनेच ही छोटी बाकी भरायला सुरुवात केली.

त्याच युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये पाउन्स नावाचा चॅटबॉट आणला. ॲडमिशन झालेली पण पहिल्या दिवशी उगवतच नाहीत अशी मुलं तिकडे बरीच असतात, फॉर्म, लोन, लसीकरणाचे कागद यात कुठेतरी अडकतात आणि घरात विचारायला कुणी नसतं. बॉट मेसेजवर उत्तरं द्यायचा, आणि अशी गळती त्या वर्षी पाचव्या हिश्शाने कमी झाली. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने दोन लाखांवर उत्तरं दिली, कितीतरी रात्री उशिरा. मुलांना नंतर विचारलं तर काही म्हणाली, असले प्रश्न माणसाला विचारायची लाज वाटायची.