तुकोबांची चादर, आपली खाट

हिंजवडीतली नोकरी गेली तेव्हा चार महिने माझं एकच पालुपद होतं, ‘देवाच्या मनात असेल तेव्हा होईल.’ कुणी फारच खोदून विचारलं की मी तुकोबांना पुढे करायचो: ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे.’ एके सकाळी आईने पोह्यांची बशी समोर आपटली. ‘होईल की. पण बायोडेटा कोणी पाठवायचा, विठोबाने?’

आईला कळत होतं की मी दोन गोष्टींची गल्लत करतोय. एक देवावरचा भरवसा. दुसरी, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.’ गंमत म्हणजे ही म्हण स्वतःबद्दल कुणीच म्हणत नाही, ती दुसऱ्याला टोमणा मारायला राखीव. स्वतःच्या खाटेवर आपण तुकोबांची चादर अंथरतो.

पण ‘तैसेचि राहावे’ म्हणणारा माणूस स्वतः कसा राहिला? 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी देहूतलं भंगलेलं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. संतांची वचनं पाठ केली. कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. म्हणजे जिथल्या तिथे बसून राहिलेला हा माणूस नव्हे. आपण त्या ओळीचा पुढचा भाग सोयीस्कर गाळतो, ‘चित्ती असो द्यावे समाधान’. स्वस्थ राहायला सांगितलंय ते चित्ताला. हातापायांना सुट्टी दिलेली नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही काम घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, तऱ्हतऱ्हेच्या खटपटी आणि पाचवं दैव. दैव आहेच, ते कुणी नाकारलेलं नाही. मी मात्र आधीच्या चार जागा रिकाम्या ठेवून पाचव्याची वाट बघत बसलो होतो.

देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघालेली तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्यांकडे नीट पाहावं. पाऊस कधी पडेल ते विठ्ठलावर सोडलेलं, पण डोक्यावर घ्यायचं प्लॅस्टिक पिशवीत असतंच. तंबू, शिधा, ट्रक, कुठल्या रात्री कुठे थांबायचं, सगळं आधीच ठरलेलं. एवढी आखणी केली म्हणून त्यांचा विठ्ठलावरचा विश्वास कमी आहे, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

देवाने वाट दाखवावी म्हणून आपण देवापुढे चिठ्ठ्या टाकतो, तिथेही हाच गोंधळ. चिठ्ठी मनासारखी निघाली तर तो कौल. नाही निघाली तर ‘तीनदा काढूया, एकदाचं काय खरं!’ ज्याला खरंच विचारायचं असतं तो एकदाच विचारतो, नाहीतर विचारतच नाही.

उलटी चूकही होते: भरवसा असलेल्या माणसाला आपण आळशी नाहीतर बेफिकीर समजतो. माझी आत्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात लग्न होऊन आली. वाडा पाडून इमारत व्हायची ठरली, तेव्हा तिने करारनाम्याचं पान न् पान वकिलाकडून वाचून घेतलं, धायरीला भाड्याची जागा शोधली, पन्नास वर्षांची भांडी स्वतः बांधली. निघताना देव्हारा उचलला आणि म्हणाली, ‘आता त्याची इच्छा.’ एका चुलत्यांना वाटलं, हिला वाड्याचं काहीच नाही. इतके दिवस तिची चाललेली धावपळ त्यांनी पाहिलीच नव्हती.

दीड वर्षाचं काम चौथ्या वर्षात गेलंय. ती दर महिन्याला बिल्डरच्या ऑफिसात जाते, कागद दाखवते, लेखी उत्तर मागते, घरी येऊन जेवते आणि शांत झोपते. मी त्या चार महिन्यांत ऑफिस सोडाच, एक फोनही केला नव्हता, आणि झोप तर मुळीच नव्हती.

परवा तिला विचारलं, ‘आत्या, काय म्हणतात?’

‘सोमवारी जाऊन येते,’ म्हणाली आणि वाती वळत बसली.