पाय न मोडणारी लिपी
शके 822, वैशाख मास, कृष्ण पक्षातील चतुर्थी, सोमवार. ही मिती आपल्याकडच्या एखाद्या दानपत्रातली वाटेल, पण ती फिलिपाइन्समधील लुझोन बेटावर, लागुना प्रांतात 1989 मध्ये सापडलेल्या ताम्रपटावर कोरलेली आहे. एका कुटुंबाला सोन्याच्या कर्जातून मुक्त केल्याचा हा इ.स. 900 मधला दस्तऐवज जावा बेटावरच्या कावी लिपीत असून त्याची भाषा मुख्यतः जुनी मलय आहे. याच लुझोनमध्ये बोलली जाणारी तागालोग भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातली, म्हणजे मलयच्या गोतावळ्यातली. तरीही तिच्यात शिक्षकाला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’ आणि आशेला ‘आसा’ म्हणतात.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले तेव्हा तागालोग लिहिली जात होती ती ‘बायबायिन’ या ब्राह्मी कुळातल्या लिपीत. ती तिथे नेमकी कोणत्या वाटेने पोहोचली याबाबत अभ्यासकांत एकमत नाही, मात्र तिची घडण मराठी वाचकाला चटकन उमगते. तिच्यात अक्षरे अवघी सतरा, तीन स्वर आणि चौदा व्यंजने, आणि प्रत्येक व्यंजनात ‘अ’ अंगचाच असतो. अक्षराच्या डोक्यावर ‘कुदलित’ नावाची लहानशी खूण केली की ‘क’चा ‘कि’ किंवा ‘के’ होतो, खाली केली की ‘कु’ किंवा ‘को’. इ आणि ए यांत, तसेच उ आणि ओ यांत ही लिपी भेद करत नाही. आपल्या मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, म्हणून वाचणाऱ्याचे काही अडत नव्हते.

तिचे खरे वेगळेपण मात्र पुढे आहे. बायबायिनमध्ये अक्षराचा पाय मोडण्याची सोयच नव्हती, त्यामुळे ज्या व्यंजनानंतर स्वर नाही ते सरळ गाळले जाई. ‘बुंदोक’ म्हणजे डोंगर; तो लिहिताना ‘बुदो’ एवढाच उरे. ‘बाता’ (मूल) आणि ‘बातास’ (कायदा) हे दोन्ही शब्द कागदावर सारखेच दिसत आणि कोणता घ्यायचा ते वाचणारा संदर्भावरून ठरवी. परक्याला हे कोडे वाटले, तरी ज्याची ती मातृभाषा होती त्याला गाळलेले व्यंजन आपसूक ऐकू येत असणार, जसे आपण ‘राम’ लिहून ‘राम्’ म्हणतो.

स्पॅनिश धर्मोपदेशकांना मात्र अचूक उच्चार हवे होते. मनिलात 1593 मध्ये लाकडी ठशांवर छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या ख्रिस्ती धर्मशिकवणीच्या पुस्तकात तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत दिला होता. पुढे 1620 च्या सुमारास त्यांच्यापैकीच फ्रान्सिस्को लोपेझ यांनी अक्षराखाली लहानसा क्रूस काढून त्यातला ‘अ’ काढून टाकण्याची युक्ती सुचवली. जुन्या स्पॅनिश व्याकरणकारांनी नोंदवल्याप्रमाणे तागालोग लोकांनी तिची वाखाणणी केली, पण आपल्या लिपीच्या प्रकृतीला ती मानवणारी नाही म्हणून स्वीकारली नाही. हा नकार मला अडाणीपणाचा वाटत नाही. ज्यांना आपली लिपी पुरेशी होती त्यांचा तो निवाडा होता.

पुढे रोमन लिपीच रुजली. स्पॅनिश वळणाचे ‘सी’ आणि ‘क्यू’ काढून त्यांच्या जागी ‘के’ वापरावा, असा आग्रह फिलिपिनो लेखक आणि राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांनी 1890 मध्ये धरला. लोपे के. सांतोस यांच्या 1940 च्या व्याकरणातील ‘आबाकादा’ ही वर्णमाला वीस अक्षरांची होती. 1987 पासून वर्णमाला अठ्ठावीस अक्षरांची आहे.

बायबायिनची एक बहीण मात्र फिलिपाइन्समधल्याच मिंदोरो बेटावर जिवंत राहिली. तिथले हानुनोओ मांग्यान लोक आजही सुरीच्या टोकाने बांबूवर आपली ‘आंबाहान’ गीते कोरतात. त्यांच्यात अनेक दशके राहिलेले डच अभ्यासक आंतोन पोस्तमा यांनी या लिपीला पाय मोडण्याची खूण जोडली आणि ती वापरातही आली. लागुनाचा ताम्रपट प्रथम वाचला तोही याच पोस्तमांनी.