खापर

खापर : चुलीवर पालथे घालून त्याच्या फुगीर पाठीवर मांडे, म्हणजे मोठ्या पातळ पुरणपोळ्या, भाजण्याचे मातीचे भांडे. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत आणि लगतच्या मालेगाव–बागलाण भागात, पुरणपोळी म्हटली की ती खापरावरचीच, असा संकेत आहे. तोंडाचा व्यास साधारणतः ४० ते ५० सेंमी., खोली १५ ते २० सेंमी.; पाठीची जाडी ६ ते ८ मिमी., काठ त्याच्या जवळपास दुप्पट. दिसायला साधे असले तरी कुंभाराच्या मालातले हे अवघड भांडे आहे. माठाला जाळ सोसावा लागत नाही, खापराला सोसावा लागतो. त्यामुळे मातीत जे कमीअधिक असेल ते इथे आधी उघडे पडते. नदी, तलाव आणि शेत यांचे माणसाने काय केले, हे या भांड्याच्या दोषांतून वाचता येते ते याच कारणाने.

शब्दाची परंपरा संस्कृत ‘खर्पर’, प्राकृत ‘खप्पर’ अशी लावतात व ती ग्राह्य आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मंडक हा पदार्थ तापलेल्या खर्परावर भाजण्याचे वर्णन येते. त्यावरून मांडा आणि खापर ही जोडी निदान तेवढी जुनी ठरते. मात्र खर्पर या शब्दाला फुटके मडके आणि कवटी असेही अर्थ आहेत. ग्रंथातले खर्पर म्हणजे मुद्दाम घडवलेले पालथे भांडे की मोठ्या रांजणाचा निघालेला बुडखा, याचा निर्णय केवळ शब्दावरून होत नाही. दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो : रांजणाच्या बुडाला हवी ती गोलाई आयतीच असते, आणि फुटक्या भांड्याचे नाव पुढे घडीव भांड्याला चिकटणे भाषेत नवे नाही.

पुरातत्त्वाचा पुरावा याहून मागे जातो, पण तो खापराचा नव्हे, मृत्पात्रांचा आहे. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये, तर गिरणेकाठच्या बहाळ (ता. चाळीसगाव) येथे म. न. देशपांडे यांनी १९५२ नंतर उत्खनन केले. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाणयुगीन रंगीत भांडी मिळाली. तापीकाठच्या सावळदा या गावावरून ‘सावळदा मृत्पात्रे’ हे नाव रूढ झाले. जाड लेप, त्यावर बारीक भेगांचे जाळे, आणि भौमितिक नक्षीसोबत प्राणी व बाणाग्रांसारखी हत्यारे ही त्यांची ओळख. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथील उत्खननाच्या स्तरक्रमावरून एस. ए. साळी यांनी सावळदा थर इ. स. पू. सु. २२०० ते २००० असा मानला. कावठे (ता. साक्री) येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात खड्ड्यांतील घरे व अल्पकाळची वस्ती आढळली, तेथील पुराव्यावरून खालची मर्यादा आणखी काही शतके अलीकडे ओढण्याकडे कल दिसतो. खानदेशापुरता तरी हा काळ थोडा सैल धरणे बरे. भांड्यांचे मूळ सौराष्ट्रात शोधणारा एक पक्ष आहे. स्थानिक घडणीचे प्रमाण पाहता तो अजून सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

या थरांत खापर होते का, हे सुट्या तुकड्यावरून सांगणे कठीण असते, कारण पालथ्या खापराचा आणि गोल बुडाच्या हंडीचा तुकडा सारखाच दिसतो. भेद काजळीने करावा. हंडीची काजळी बाहेरच्या, फुगीर बाजूला धरते. खापराची आतल्या, खोलगट बाजूला. तुकडे धुण्यापूर्वी ही नोंद झाली नाही तर पुरावा पाण्याबरोबर जातो.

मातीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. खानदेशातील काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. ती पाण्याने फुगते व वाळताना फार आकसते, शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. म्हणून नुसत्या काळ्या मातीचे खापर होत नाही. नदीचा किंवा तलावाचा चिकट गाळ हा मुख्य घटक, आणि चार भाग गाळाला सुमारे एक भाग चाळलेली लीद, राख व बारीक रेती. लीद जळून सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि जाळाने पडू पाहणारी चीर तिथे थबकते. हा गाळ आता पूर्वीच्या जागी साचत नाही. गिरणा व हतनूर धरणांत तो अडतो, खालच्या पात्रातून वाळू उपसली जाते, काठची चिकणमाती वीटभट्ट्यांकडे जाते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ च्या योजनेपासून धरणांतला गाळ निघू लागला. तो शेतासाठी असतो. शेताला त्याची गरज आहेच, पण कुंभाराचा वाटाही धरला जायला हवा.

गावाजवळून आणलेल्या मातीचे दोष निराळे. बांधकामाचा राडारोडा मिसळला असेल तर चुन्याचा कण भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चारआठ दिवसांनी पाठीवरून मसुराएवढी टिकली उडते; खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की कारण चुनाच समजावे. उपाय म्हणजे माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळणे. प्लॅस्टिकचे तुकडे जळून आरपार भोक पडते. सतत ओलिताखालच्या शेतातली माती खार धरते. वाळताना क्षार पृष्ठावर येऊन भाजल्यावर पांढरी साय राहते. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीतही हाच दोष असतो, कारण शतकानुशतकांची राख तिच्यात मुरलेली असते. खत म्हणून ही पांढरी शेतात नेताना अनेक प्राचीन टेकाडे कापली गेली. भुसावळजवळील दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणची राख विटांना चालते. अन्नाच्या भांड्यात ती घालू नये, तिच्यात जड धातू असू शकतात.

घडणीत काठ चाकावर उठवतात, पाठ मात्र थापीने ठोकून काढतात. बोट रुतत नाही पण थापीचा वळ उमटतो, अशा बेताला माती आली की आतून गुंडा (गुळगुळीत गोल दगड) धरून बाहेरून थापी मारतात. घाई झाली तर मध्यभाग पातळ होतो आणि पहिल्याच जाळात तिथे चीर जाते. वाळवण सावलीत, पाच ते आठ दिवस. काठ आधी वाळून आकसला व पाठ ओली राहिली तर काठापासून उभी तड जाते. म्हणून काठावर ओले फडके ठेवतात.

आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, सुरुवातीचे दोनतीन तास नुसता धूर ठेवावा. ओल अडकून वाफ झाली तर भांडे फुटते. पुढे गोवऱ्या व पऱ्हाटी घालून उष्णता ७०० ते ८५० °से.पर्यंत जाते. आवा रात्रभर झाकूनच निववतात, कारण ५७३ °से.च्या आसपास रेतीतील स्फटिकाचे (क्वार्ट्‌झचे) आकारमान एकदम बदलते आणि तेव्हा वारा लागला तर केसासारख्या बारीक चिरा पडतात. बोटाने वाजवल्यावर खणखणीत न वाजता भद्द वाजणारे खापर बाजूला काढावे.

नवे खापर पाण्यात भिजवून, वाळवून, मंद जाळावर तापवतात व तेलाचे बोट फिरवतात. तापलेल्या पाठीवर पाणी शिंपडू नये. गॅसची ज्योत मध्यभागीच लागते व काठ थंड राहतो. या ताणाने खापर तडकते, म्हणून गॅसवर लोखंडी खापर आले.

फुटलेले खापर कुंभार परत घेतो. कुटून चाळलेला त्याचा चुरा एकदा भाजून आकसलेला असल्याने नव्या मातीचा आकस कमी करतो. रेतीऐवजी तो घालणे अधिक चांगले. चुरा करण्यापूर्वी तेल मुरलेले तुकडे आव्यात पुन्हा भाजून घेतात, नाहीतर नव्या पाठीवर काळे डाग उठतात.