'एकदा ठरलेली सवलत दहावीपर्यंत तीच' हा समज चुकीचा

साताऱ्यात, कोरेगावात, कराडात अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात कायमची अडचण) असलेल्या मुलांच्या पालकांशी बोलताना शाळा-परीक्षेतल्या सवलतींबद्दल एक वाक्य हमखास कानावर येतं: "पोराला एकदा जी सवलत लागली, ती दहावीपर्यंत तीच. मध्येच बदलून मिळत नाही." हे खरं नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये अध्ययन अक्षमताही येते. त्याच्या कलम 16 नुसार अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांनी प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं आहे. कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक (उत्तरं लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असे बदल स्पष्ट लिहिले आहेत. प्रगती बघायची आणि मदत मात्र जुनीच ठेवायची, याला काही अर्थ नाही.

तिसरीत वाचताना अडखळणारी मुलगी सातवीत धडा सरळ वाचते, पण फळ्यावरचं उतरवताना मागे पडते. तिची वही उघडा: पहिल्या तीन ओळी नीट, चौथी अर्धवट, मग कोरी जागा. हा आळस नव्हे. आता तिला लिहायला वेळ हवा.

अशा वह्या जपून ठेवा, त्या वादापेक्षा जास्त बोलतात. सवलत बदलून मिळावी असा लेखी अर्ज मुख्याध्यापकांना द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलणं विसरलं जातं. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या विशेष शिक्षकांनाही भेटा, गट साधन केंद्रात (तालुक्याच्या शिक्षण विभागाचं केंद्र) चौकशी करा. दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववीतच कागदपत्रांच्या मागे लागा.