मेंदूला मार लागल्यावर अपघात भरपाई: गोव्यात दावा कुठे, कसा आणि कोणत्या कागदांवर

गोमेकॉत (सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) उपचार झाले की घरच्यांच्या हातात मोठी बिलं नसतात. मग 'बिलंच नाहीत तर भरपाई कशाची मागायची' असं म्हणून कित्येक जण दावा करायचाच सोडून देतात. मेंदूच्या दुखापतीत बिलं हा दाव्याचा लहानसा तुकडा असतो. खरी रक्कम दोन गोष्टींची: माणूस पुढे किती कमावू शकणार नाही आणि त्याला सांभाळायला रोज कोण लागणार. पुढची सगळी कागदपत्रं या दोन गोष्टी सिद्ध करण्यासाठी गोळा करायची आहेत.

दावा कोणाला करता येतो

दुसऱ्या वाहनाच्या चालकाची चूक असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पादचारी, सायकलस्वार, दुचाकीस्वार, बसमधला प्रवासी, सगळेच. चालक, वाहनमालक आणि विमा कंपनी असे तिघे प्रतिवादी करायचे.

पावसात स्वतःच घसरून पडलेला किंवा रस्त्यावरच्या गुराला धडकलेला दुचाकीस्वार या कलमात बसत नाही, कारण समोर दोषी वाहनच नाही. त्याने स्वतःच्या पॉलिसीत मालक-चालक अपघात विमा आहे का ते पाहावं. हे कवच १५ लाखांचं असतं. मात्र ते मृत्यू किंवा ठरावीक गंभीर कायम अपंगत्वासाठीच, शिवाय गाडी स्वतःच्या नावावर आणि परवाना वैध हवा.

मागे बसलेल्याचा घोळ वेगळा. ज्या दुचाकीवर तो बसला होता तिच्याच चालकाची चूक असेल आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टी (तिऱ्हाइताचंच नुकसान भरणारी) असेल, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलेलं आहे. पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीशिवाय इतर नुकसानही भरणारी) असली तर मागचा माणूस त्यात येतो. म्हणून पॉलिसीची पूर्ण प्रत मिळवा, नुसता क्रमांक पुरत नाही. खासगी नंबरपाटीची गाडी भाड्याने दिलेली असेल तर कंपनी पॉलिसीच्या अटींचा भंग पुढे करणार हे धरून चाला.

कुठे आणि किती दिवसांत

अपघात जिथे झाला, अर्जदार जिथे राहतो किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. पेडण्यात अपघात झालेला सावंतवाडीचा माणूस सिंधुदुर्गातही दावा करू शकतो. जखमीला ताटकळत नेण्यापेक्षा घराजवळचं न्यायाधिकरण निवडणं बहुतेकदा शहाणपणाचं.

मुदत अपघातापासून ६ महिने. १ एप्रिल २०२२ पासून ही अट लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अडचण अशी की मेंदूची दुखापत कुठे येऊन थांबणार हे ६ महिन्यांत कळत नाही; कायम अपंगत्वाचा दाखला त्यानंतरच मिळतो. म्हणून दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवायचा नसतो. अर्ज आधी दाखल करा, अपंगत्वाचा पुरावा सुनावणीत सादर करता येतो.

पोलिसांचंही वेळापत्रक ठरलेलं आहे: ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाकडे. पीडितानेही ६० दिवसांत नमुना ६ भरून तपास अधिकाऱ्याला द्यायचा असतो. कायद्याने पोलिसांचा अहवालच दावा म्हणून धरता येतो, तरी स्वतःचा अर्ज वेगळा करा. पोलिसांच्या अहवालात सांभाळणाऱ्याचा खर्च कोणी लिहीत नाही.

अर्जावर सही कोणाची

इथे बरेच दावे पहिल्याच पायरीवर दुबळे होतात. जखमीला धड तारीख सांगता येत नाही, पण हात धरून त्याची सही घेतली जाते. पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तीच सही दाखवतो: 'अर्ज वाचून, समजून सही केली ना? मग बुद्धी शाबूत आहे.' समजण्याची क्षमता गेली असेल तर पत्नी, आई, भाऊ यांपैकी एकाने 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणजे जखमीच्या वतीने दावा चालवणारा म्हणून अर्ज करावा आणि सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. माणूस कोमात असेल आणि त्याचं बँक खातं किंवा मालमत्ता हाताळायची असेल, तर त्यासाठी पालक नेमून घ्यायला पर्वरीच्या उच्च न्यायालयात वेगळी याचिका करावी लागते.

कागदपत्रं

पोलीस स्थानकातून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा आणि आरोपपत्राची प्रत घ्या. दोन्ही वाहनांचे आरसी, परवाने आणि पॉलिसीही लागतात. एफआयआरमध्ये 'स्वतः घसरून पडला' असं चुकून गेलं असेल तर लगेच लेखी जबाब देऊन दुरुस्तीची मागणी करा. वर्षभराने केलेली तक्रार बनावट वाटते.

इस्पितळातून एमएलसी क्रमांक (पोलीस प्रकरण म्हणून झालेल्या वैद्यकीय नोंदीचा), दाखल होतानाची नोंद, सगळे सीटी आणि एमआरआय (नुसते अहवाल नकोत, फिल्म किंवा सीडीही), शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्ड घ्या. दाखल होतानाचा ग्लासगो कोमा स्कोर (शुद्ध किती आहे ते सांगणारे गुण) नोंदीत आहे का ते बघा. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी गंभीर. डिस्चार्ज कार्डावर बहुधा एक ओळ असते: रुग्ण शुद्धीवर, प्रतिसाद देतो, प्रकृती स्थिर. डॉक्टरांच्या लेखी याचा अर्थ जिवाचा धोका टळला एवढाच. कंपनी मात्र त्याचा अर्थ 'बरा झाला' असा लावते. त्यामुळे फॉलोअपचं प्रत्येक केसपेपर जपा, आणि विसरभोळेपणा, संताप, फिट, बोलण्यात अडखळणं हे तिथे डॉक्टरांकडून लिहवून घ्या. न लिहिलेली तक्रार न्यायाधिकरणापुढे नसल्यातच जमा.

अपंगत्वाचा दाखला 'स्वावलंबन' या सरकारी पोर्टलवर अर्ज करून सरकारी वैद्यकीय मंडळाकडून मिळतो. मेंदूची दुखापत हा कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वतंत्र प्रकार नाही. हातपाय लुळे पडले तर एका सदरात, वाचा गेली तर दुसऱ्या, मानसिक परिणाम असेल तर आणखी तिसऱ्या सदरात तपासणी होते. फक्त हाडांच्या डॉक्टरांकडे तपासून घेतलं की चालताना लंगडतो तेवढंच कागदावर येतं आणि स्मृती गेली ते बाहेरच राहतं. न्यूरोसायकॉलॉजीची (स्मृती, लक्ष, विचारशक्ती तपासणारी) चाचणी आग्रहाने करून घ्या. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवायचा अर्जही करा. कंपनीने आक्षेप घेतला तर नुसत्या कागदाला वजन राहत नाही.

उत्पन्नासाठी पगारपत्रक, आयटी रिटर्न, बँक पासबुक. टॅक्सीवाल्याने परमिट आणि गाडीच्या कर्जाचे हप्ते, ट्रॉलरवरच्या खलाशाने मालकाचं पत्र व खात्यातल्या जमा, तारवटीने (परदेशी बोटीवरच्या दर्यावर्दीने) सीडीसी म्हणजे जहाजावरच्या नोकरीची नोंदपुस्तिका, करारपत्र आणि घरी आलेल्या पैशांचा बँक तपशील जोडावा. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने, बहुधा किमान वेतनाच्या आसपास, उत्पन्न धरतं. गृहिणीच्या कामालाही मोल धरलं जातं.

रक्कम कशी बनते

समजा म्हापशातला ३२ वर्षांचा वायरमन, महिना २४,००० कमाई. वर्षाचे २,८८,०००. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ४,०३,२००. या वयाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो ठरलेला आकडा) १६, म्हणजे ६४,५१,२००. आता टक्केवारी. दाखल्यावर ४० टक्के असेल आणि तेवढंच धरलं तर २५,८०,४८०. पण ज्याला डोळ्यांपुढे अंधारी येते, फिट येते, तो खांबावर चढून काम करू शकत नाही. कमाई बुडण्याचं प्रमाण ७० टक्के धरलं गेलं तर ४५,१५,८४०. शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलं आहे. अर्जात त्या माणसाचं रोजचं काम नेमकं काय होतं हे तपशिलाने मांडलंत, तरच हा फरक पदरात पडतो.

सांभाळणाऱ्याचा खर्च यावर वेगळा. तो बायको किंवा आई करते म्हणून फुकट धरला जात नाही. महिना १०,००० धरले तर १६ च्या गुणकाने १९,२०,०००. हाच गुणकाचा हिशेब २०२० च्या काजल विरुद्ध जगदीशचंद निकालात लावला. मेंदूला मार लागलेल्या त्या मुलीची एकूण भरपाई ६२,२७,००० झाली. घरात एक वही ठेवा: कोणी आंघोळ घातली, किती वेळा कूस बदलली, डायपर किती, फिजिओथेरपिस्ट कधी आला. तारीखवार नोंद साक्षीत उपयोगी पडते. यातना, पुढचे उपचार, प्रवास, खुराक हे मागायचे राहू देऊ नका. हेल्मेट नसल्याचं कंपनी काढणारच, आणि डोक्याच्या दुखापतीत त्यापायी रक्कम कमी होऊ शकते.

घाईत घेतलेले पैसे

कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. कंपनीच्या प्रस्तावावर ते स्वीकारले की १६६ चा अर्ज रद्द होतो. मेंदूच्या दुखापतीत अडीच लाखांवर सही करणं म्हणजे बहुधा घोडचूक. लोकअदालतीतली तडजोडही अंतिम असते, त्यावर अपील नाही. माणसाची स्थिती स्थिरावण्याआधी तिथे बसू नका. अपघात कामावर असताना झाला असेल तर कामगार भरपाई आणि हा दावा यांपैकी एकच घेता येतो, तेव्हा दोन्हीकडचे आकडे आधी मांडून बघा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि दिव्यांगांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर न्यायाधिकरणाऐवजी महसूल खात्याकडे जावं लागतं. हिट अँड रन योजनेत उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार चौकशी करतात आणि जिल्हाधिकारी मंजुरी देतात. गंभीर दुखापतीला ५०,०००, मृत्यूला २ लाख. पुढे गाडी सापडून दुसरी भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते.

निकाल कमी रकमेचा वाटला तर पर्वरीला अपील ९० दिवसांत. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाका.