दोन कार्डं, दोन वचनं : अमेरिकेतल्या ज्येष्ठ माजी सैनिकांच्या उपचारांची पूर्वपीठिका

अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या माजी सैनिकाच्या पाकिटात पुष्कळदा दोन कार्डं असतात. एक मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, आणि दुसरं माजी सैनिक खात्याचं. या खात्याला तिथे सगळे ‘व्हीए’ म्हणतात. मेडिकेअर व्हीएच्या इस्पितळातल्या उपचारांचे पैसे देत नाही. व्हीएदेखील तातडीचा प्रसंग सोडला, तर आधी मंजुरी घेतल्याशिवाय बाहेरच्या डॉक्टरचं बिल भरत नाही. दोन्ही सोयी एकाच सरकारच्या असूनही असं का, हे नुसते नियम वाचून कळत नाही. पहिल्या कार्डामागे विम्याची कल्पना आहे आणि दुसऱ्यामागे ऋणाची. त्या दोन्ही कल्पना वेगवेगळ्या काळात रुजल्या.

ऋणाची कल्पना फार जुनी. लढाईत अपंग होऊन परतलेल्या सैनिकाला वसाहत पोसेल, असा कायदा प्लिमथ वसाहतीने १६३६ मध्येच केला होता. यादवी युद्ध संपत आलं असताना, ३ मार्च १८६५ रोजी, अब्राहम लिंकन यांनी जायबंदी स्वयंसेवक सैनिकांसाठी आश्रयगृहं उभारण्याच्या कायद्यावर सही केली. दुसऱ्याच दिवशी, शपथविधीच्या भाषणात, लढाईचा भार सोसणाऱ्याची, त्याच्या विधवेची आणि पोरक्या लेकराची काळजी घेण्याचं त्यांनी देशाला आवाहन केलं. पुढच्या वर्षी मेन राज्यात टोगस इथे पहिलं आश्रयगृह सुरू झालं. तिथे औषधपाण्यापेक्षा डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण हीच मोठी सोय होती.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांना मात्र छप्पर पुरेसं नव्हतं. विषारी वायूने जळलेली फुफ्फुसं, क्षय, खचलेली मनं घेऊन ते आले होते. त्यांच्यासाठी १९२१ मध्ये स्वतंत्र ब्यूरो स्थापन झाला. त्याचे पहिले संचालक चार्ल्स फोर्ब्स हे इस्पितळांच्या कंत्राटांत सरकारला फसवण्याचा कट केल्याबद्दल दोषी ठरून तुरुंगात गेले. १९३० मध्ये विखुरलेली खाती एकत्र करून व्हीएची स्थापना झाली. पण माझ्या मते खरं वळण आलं ते १९४६ मध्ये. दुसऱ्या महायुद्धातले सेनानी ओमर ब्रॅडली आणि त्यांचे वैद्यकीय सहकारी पॉल हॉली यांनी व्हीएची इस्पितळं वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडली आणि डॉक्टरांच्या भरतीला नोकरशाहीच्या नियमांतून मोकळं केलं. आश्रयगृहाच्या परंपरेतून शिकवणारं, संशोधन करणारं इस्पितळ घडलं ते या निर्णयांमुळे.

तरीही तिथे उपचार कोणाला मिळणार, हा गुंता राहिलाच. १९९६ च्या कायद्याने नावनोंदणी आणि प्राधान्यगट आणले. सेवेमुळे आलेलं अपंगत्व जितकं मोठं, तितका क्रमांक वरचा. अपंगत्व नसलेल्यांच्या बाबतीत उत्पन्नही पाहिलं जातं. म्हणजे गणवेश घातला होता एवढ्यावर इथलं दार आपोआप उघडत नाही.

विम्याची कथा निराळी आहे. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात म्हाताऱ्यांना पेन्शन मिळालं, पण आरोग्यविमा बाहेरच राहिला. अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४५ मध्ये सगळ्यांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने तो हाणून पाडला. मग समर्थकांनी आपली मागणी फक्त वृद्धांपुरती आखडती घेतली. १९६५ मध्ये खासदार विल्बर मिल्स यांनी प्रतिस्पर्धी प्रस्ताव एकत्र बांधले. इस्पितळाचा खर्च पगारातून कापलेल्या करातून भागवायचा, हा झाला पार्ट ए. डॉक्टरांच्या फीसाठी ऐच्छिक, मासिक हप्त्याचा विमा घ्यायचा, हा पार्ट बी. हप्ता सुरुवातीला महिना ३ डॉलर होता. आजही लोकांना गोंधळात पाडणारी ही ए-बीची फोड त्या तडजोडीतून आली आहे. ३० जुलै १९६५ रोजी तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्या गावी, मिझुरीतल्या इंडिपेन्डन्समध्ये, कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड ट्रुमन यांनाच दिलं. पुढच्या वर्षी योजना लागू होताना दक्षिणेतल्या इस्पितळांपुढे अट आली की वर्णभेद ठेवलात तर मेडिकेअरचे पैसे नाहीत. हजारो वॉर्डांतली काळ्या-गोऱ्यांची विभागणी त्या एका अटीने मोडली. या योजनेचं हे मोठेपण क्वचितच सांगितलं जातं.

औषधांचा खर्च मात्र चाळीस वर्षं बाहेरच राहिला. तो २००३ च्या कायद्याने, पार्ट डी म्हणून, २००६ पासून आत आला. व्हीएची औषधसोय पार्ट डीच्या तोडीची मानली जाते, त्यामुळे डी उशिरा घेतला तरी दंड नाही. पण पार्ट बीच्या बाबतीत व्हीएची नोंदणी जमेस धरत नाहीत. व्हीएवर विसंबून बी टाळला आणि पुढे घ्यावासा वाटला, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ सहसा कायम राहते.

आणखी एक गट आहे, वीस वर्षं किंवा अधिक नोकरी करून सैन्यातून निवृत्त झालेल्यांचा. भरतीच्या वेळी यांना जन्मभर मोफत उपचारांचं तोंडी वचन दिलं जाई. प्रत्यक्षात कायद्याने सैन्याच्या इस्पितळात जागा असेल तरच उपचार दिले आणि पासष्टीनंतर त्यांच्या सैनिकी विम्याचं संरक्षणही मेडिकेअरवर सोपवलं. व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी राहिलेले, वकिली शिकलेले कर्नल बड डे यांनी ज्येष्ठ निवृत्तांच्या वतीने सरकारवर खटला भरला. २००२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल विरोधात दिला. असं वचन देण्याचा अधिकार भरती अधिकाऱ्यांना नव्हताच, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मात्र खटला चालू असतानाच संसद हलली होती. १ ऑक्टोबर २००१ पासून ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’ सुरू झालं. मेडिकेअरने पैसे दिल्यावर उरलेलं बिल बहुतांशी ते भरतं, पण त्यासाठी पार्ट बी घेतलेला असावा लागतो. जन्मभराच्या वचनावर विश्वास ठेवून ज्यांनी बी घेतलाच नव्हता, त्यांच्यावर आता उशिराचा दंड बसू लागला. २००१ ते २००४ या काळात बी घेणाऱ्या अशा निवृत्तांचा दंड संसदेने २००३ च्या त्याच औषधकायद्यात माफ केला.