कॅलिफोर्निया १९१०: रेल्वेच्या विरोधात लढलेली गव्हर्नरची निवडणूक

२००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदत संपायच्या आधीच घरी पाठवलं आणि श्वार्झनेगर आले, २०२१ ला न्यूसम यांच्यावरही तीच वेळ आली होती पण ते वाचले. ही रिकॉलची सोय आली कुठून हे बघायचं तर १९१० च्या निवडणुकीपर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा तिथे सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या मर्जीशिवाय पान हलत नव्हतं. शेतकऱ्याचा माल तिच्याच गाड्यांतून जायचा, भाडं ती ठरवेल तेवढं, आणि ज्या सरकारी कमिशनने भाड्यावर लक्ष ठेवायचं तेही कंपनीच्याच खिशात, म्हणून लोक तिला ऑक्टोपस म्हणायचे. खरी गोम तिकीट वाटपात होती. उमेदवार पार्टीच्या अधिवेशनात ठरायचे आणि तिथे कंपनीचे वकील विल्यम हेरिन यांची माणसं सगळं आधीच जमवून ठेवायची. १९०६ ला सांताक्रूझला रिपब्लिकन अधिवेशन झालं तेव्हाचा एक ग्रुप फोटो खूप गाजला, मधोमध बसलाय सॅन फ्रान्सिस्कोचं राजकारण मुठीत ठेवणारा बदनाम बॉस एब रूफ आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभे आहेत गव्हर्नरपदाचे उमेदवार जेम्स गिलेट! गिलेट निवडूनही आले.

पुढच्याच वर्षी फ्रेस्नोचे संपादक चेस्टर रोवेल आणि लॉस एंजेलिसचे पत्रकार एडवर्ड डिक्सन यांनी पार्टीतल्याच नाराज लोकांना घेऊन रेल्वेची ही पकड मोडायला लिंकन-रूझवेल्ट लीग काढली. १९०९ ला डायरेक्ट प्रायमरीचा कायदा झाला, म्हणजे उमेदवार आता मतदारच निवडणार. माझ्या मते सगळी बाजी इथेच पलटली, हा कायदा नसता तर हायरम जॉन्सनला तिकीट मिळणं अशक्य होतं.

जॉन्सन वकील. रूफच्या लाचखोरीच्या खटल्यात सरकारी वकील हेनी यांच्यावर भर कोर्टात गोळी झाडली गेली (ते वाचले), तेव्हा खटला जॉन्सननी हातात घेतला आणि रूफला १४ वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे वडील ग्रोव्ह जॉन्सन मात्र रेल्वेच्या बाजूचे पुढारी, बापलेकाचं राजकारणात अजिबात पटत नव्हतं.

प्रचारात त्यांनी रेल्वे वापरलीच नाही. लाल रंगाची उघडी मोटार, चालवायला मुलगा, गावात शिरलं की घंटा वाजवून लोक गोळा करायचे आणि भाषणात एकच मुद्दा, सदर्न पॅसिफिकला राजकारणातून हाकला. १९१० सालचे तिथले धुळीचे रस्ते डोळ्यासमोर आणले की यातली जिद्द कळते. ऑगस्टमध्ये प्रायमरी जिंकली. नोव्हेंबरची लढत सोपी नव्हती, कारण डेमोक्रॅट थिओडोर बेलही रेल्वेविरोधीच होते. जॉन्सनना १,७७,१९१ मतं पडली, बेलना १,५४,८३५, आणि समाजवादी स्टिट विल्सननी ४७ हजारांवर मतं घेतली.

नंतर वर्षभरात कामाचा धडाकाच लागला. रेल्वे कमिशनला दात आले आणि १० ऑक्टोबर १९११ ला मतदारांनी रिकॉल, रेफरेंडम (विधिमंडळाचा कायदा मतदारांनी मतदानाने रद्द करायची सोय), इनिशिएटिव्ह (मतदारांनीच सह्या गोळा करून कायदा मांडायची सोय) सगळं मंजूर केलं. बायकांचा मताचा हक्कही त्याच दिवशी, फक्त ३,५८७ मतांच्या फरकाने.

पण याच जॉन्सननी १९१३ ला परक्यांच्या जमिनीच्या कायद्यावरही सही केली, म्हणजे ज्या परदेशी लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नव्हतं त्यांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी, मला हे अजिबात माफ करण्यासारखं वाटत नाही. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता, पण १९२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तिथे स्थायिक झालेले पंजाबी शीख भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये भारतीयांना नागरिकत्व नाकारलं आणि तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांनाही तोच कायदा लागू झाला, मग जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवून कसायची वेळ त्यांच्यावर आली.